स्पर्शाची भाषा कोण शिकणार?

आमच्या ह्या पानावर एरवी राजकारणाचा कोलाहल असतो. आज तो बाजूस ठेवून, ज्यांच्यापर्यंत कोणताच कोलाहल पोहोचत नाही अशा माणसांविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, किंवा ह्या दोन्ही शक्ती ज्यांच्या ठायी इतक्या क्षीण आहेत की एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही, अशी माणसे आमच्या ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत, चाळींतून आणि गृहसंकुलांतून राहतात. ती मोर्चा काढीत नाहीत, निवेदने देत नाहीत, संपादकांस पत्रे लिहीत नाहीत. म्हणून त्यांची बातमी होत नाही. दरवर्षी २७ जूनला हेलन केलर ह्यांचा जन्मदिवस येतो, त्या निमित्ताने कोठे एखादे व्याख्यान होते, आणि विषय पुढील जूनपर्यंत मिटतो. वस्तुतः हा विषय व्याख्यानाचा नाही, शिक्षणाचा आहे. आणि ते शिक्षण प्रथम त्यांनी नव्हे, आपण घ्यावयाचे आहे.

अंधत्व आणि बधिरत्व ह्यांची बेरीज म्हणजे अंधबधिरत्व, अशी एक सोयीची समजूत आहे. ती चुकीची आहे. अंध मनुष्य कानांनी जग पाहतो. बधिर मनुष्य डोळ्यांनी जग ऐकतो. अंधशाळेतील गुरुजी बोलून शिकवितात आणि बधिरांच्या शाळेतील बाई हातवाऱ्यांनी, ओठांच्या हालचालींनी आणि चित्रांनी शिकवितात. दोन्ही ठिकाणचे सारे शास्त्र उरलेल्या इंद्रियावर उभे असते. ज्याची दोन्ही दारे लागलेली आहेत, त्याला ह्या दोन्ही शाळांत जागा नसते. आईबाप मुलास घेऊन अंधशाळेत गेले, तर 'ह्याला ऐकू येत नाही' म्हणून परतवणी होते. बधिरांच्या शाळेत गेले, तर 'ह्याला दिसत नाही' हे उत्तर मिळते. ह्यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. त्या शिक्षकांना ती विद्या अवगत नसते, एवढेच. परंतु मुलाच्या दृष्टीने परिणाम एकच होतो. त्याचे जग त्याच्या हाताच्या लांबीएवढे होऊन बसते, आणि त्या लांबीच्या आत आपण होऊन कोणी आले नाही, तर जगात आपणाखेरीज दुसरे कोणी आहे ह्याचीदेखील त्याला खूण पटत नाही.

कायद्याने ह्या माणसांची दखल फार उशिरा घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील २१ प्रकारांच्या यादीत बहुविध दिव्यांगत्वाच्या सदरात अंधबधिरत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु कायद्यात शब्द येणे निराळे आणि खानेसुमारीत माणूस येणे निराळे. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या. त्यांत दृष्टिहीन सुमारे ५० लाख, श्रवणदोष असलेले सुमारे ५१ लाख आणि बहुविध दिव्यांग सुमारे २१ लाख होते. ह्या २१ लाखांत अंधबधिर किती, ह्याचा वेगळा रकाना तेथे नाही. त्यानंतरची दशवार्षिक गणना लांबणीवर पडली, त्यामुळे अजूनही आपण त्याच जुन्या आकड्यांवर हिशेब करीत बसलो आहोत.

तरीही अंदाजाने काही बोलता येते. अहमदाबादेत १९९७ पासून ह्या क्षेत्रात काम करणारी सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था देशातील अंधबधिरांची संख्या पाच लाखांच्या घरात सांगत आली आहे. अंधबधिरांच्या जागतिक महासंघाने २०१८ च्या आपल्या अहवालात हे प्रमाण लोकसंख्येच्या ०.२ ते २ टक्के असल्याचे म्हटले, त्यांतील ०.२ टक्के हे तीव्र स्वरूपाचे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या दोन महानगरपालिकांची २०११ ची एकत्रित लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. पहिल्या मापाने येथील अंधबधिरांचा आकडा बाराशेच्या वर जातो. दुसऱ्या मापातील खालच्या टोकाने सहा हजारांच्या वर. दोन मापांत अंतर मोठे आहे हे खरे. पण अगदी काटकसरीने धरले, तरी हजाराहून अधिक माणसांचा हा प्रश्न आहे. ही माणसे आहेत कोठे, असा प्रश्न आम्ही दोन्ही महापालिकांस विचारतो. त्यांच्या दप्तरी ह्याचे उत्तर असेल, तर ते नागरिकांस कळले पाहिजे. नसेल, तर ते शोधण्यास आता विलंब नको.

अंधबधिरत्व एका वाटेने येत नाही. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत आईस रुबेला झाला, तर मूल जन्मतःच मोतीबिंदू आणि बहिरेपण घेऊन येऊ शकते. ह्या रोगाचा आणि अर्भकांच्या मोतीबिंदूचा संबंध नॉर्मन ग्रेग ह्या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याने १९४१ साली प्रथम दाखवून दिला. त्यावर लस आहे. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. त्या वेळी लशीविषयी अफवा पसरविणाऱ्या शहाण्यांनी एखादे अंधबधिर मूल जवळून पाहिले असते, तर त्यांची जीभ अडखळली असती. दुसरी वाट अशर सिंड्रोम ह्या आनुवंशिक विकाराची. त्यात मूल बहुधा जन्मतःच कमी ऐकणारे असते, आणि पुढे शाळकरी वयात किंवा तारुण्यात आधी रात्रीचे दिसेनासे होते व मग दृष्टीचा घेर आत आत आवळत जातो. मामाची मुलगी सून म्हणून आणण्याचा आपला जुना रिवाज अशा विकारांना हातभार लावतो, हे अप्रिय असले तरी सांगितले पाहिजे. तिसरी वाट सर्वांत रुंद आहे, आणि तिच्यावरून कदाचित आपणांपैकीही काहींना जावे लागेल. ती वाट वार्धक्याची होय. काचबिंदूने किंवा मधुमेहाने दृष्टी गेलेली आणि ऐकण्याचे यंत्र खणात पडून असलेली आजी आज कितीतरी घरांच्या आतल्या खोलीत बसलेली आहे. तिला वेळेवर जेवण मिळते, औषध मिळते. फक्त तिच्याशी कोणी बोलत नाही, कारण बोलावे कसे हे घरात कोणास ठाऊक नाही. 'आजीला आता काही कळत नाही' असे आपण म्हणतो. कळत सारे असते, कळविणारा नसतो.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. संपादकाच्या खुर्चीत येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. कानाला यंत्र लावी, पुढच्या बाकावर बसे, फळ्यावरचे सुबक अक्षरात उतरून घेई. हिवाळ्यात दुपारपाळीची शाळा सुटताना अंधारून येई, तेव्हा तो जिन्यावर हटकून कोणावर तरी आदळे. खेळात बाजूने आलेला चेंडू त्याला कधीच सापडत नसे. आम्ही त्याला धांदरट ठरविले, एकदा सर्वांदेखत तसे म्हटलेही, आणि मुले हसली. त्याच्या डोळ्यांची तपासणी करवावी हे आम्हांस सुचले नाही, कारण ज्याच्या कानांत दोष आहे त्याचे डोळे आम्ही निर्दोषच गृहीत धरले होते. पुष्कळ वर्षांनी त्याच्या वडिलांची रेल्वे फलाटावर गाठ पडली. मुलाचे दिसणे जवळजवळ संपले आहे, असे त्यांनी सांगितले. गुरुजींची आठवण तो काढतो, असेही सांगितले. त्या दुसऱ्या वाक्याने आमची मान खाली गेली. आमच्या अंगी कळकळ नव्हती असे नाही. ज्ञान नव्हते, आणि ज्ञानावाचूनची कळकळ त्या मुलाच्या काहीच उपयोगी पडली नाही.

हेलन केलरची कथा आपण सारे शाळेत ऐकतो, परंतु तिचे तात्पर्य आपण चुकीचे काढीत आलो आहोत. दीड वर्षाची असताना आजारात दृष्टी आणि श्रवण गमावलेली मुलगी पुढे १९०४ साली पदवीधर होते, ग्रंथ लिहिते, १९५५ साली वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर भारताचा दौरा करते, हा आपल्याला चमत्कार वाटतो. चमत्कार म्हटला की आपली जबाबदारी संपते; चमत्कारास केवळ नमस्कार करावयाचा असतो. वस्तुस्थिती काय आहे? ३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हन ही अवघ्या विशीतील शिक्षिका हेलनच्या घरी आली. तिची स्वतःची दृष्टी अधू होती. बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत ती शिकली होती. लॉरा ब्रिजमन ही अंधबधिर स्त्री तेथेच राहत असल्यामुळे बोटांची लिपी तिच्या परिचयाची होती. आणि कामावर रुजू होण्यापूर्वी, लॉराला डॉ. हाउ ह्यांनी कसे शिकविले ह्याचे जुने अहवाल तिने महिनोन्महिने अभ्यासिले होते. ५ एप्रिल रोजी पंपाखाली हेलनचा एक हात धरून दुसऱ्या तळहातावर तिने 'पाणी' हा शब्द लिहिला आणि त्या मुलीस भाषेचे दार उघडले. त्या एका क्षणामागे पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेला एक प्रयोग, एका संस्थेची परंपरा आणि एका तरुणीची पूर्वतयारी उभी होती. पुढे १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ॲन हेलनच्या सोबत राहिली. हेलन पुष्कळ जन्मत असतील. तयारी करून दारात येणाऱ्या ॲन सुलिव्हन आपण घडवीत नाही, हा आपला खरा दोष आहे.

महाराष्ट्रात ती परंपरा मुळीच नाही, असे मात्र नाही. १९७७ साली बेरोज वाच्छा ह्यांनी मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट स्थापन केली. अंधबधिरांसाठी देशात उभी राहिलेली ही पहिली संस्था. भायखळ्यास महापालिका शाळेच्या इमारतीत तिचे काम दीर्घकाळ चालत आले, नवी मुंबईतही तिचे केंद्र उभे राहिले, आणि मुलांप्रमाणेच शिक्षक घडविण्याचेही काम तिने केले. ह्या विषयाची विद्या मराठी मुलखात गेली जवळजवळ पाच दशके आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एका संस्थेच्या ओंजळीत साऱ्या मुलखाचे पाणी मावत नाही. डोंबिवलीच्या आईने मुलास पाठीशी घेऊन गर्दीच्या वेळी लोकल धरावयाची, तास-सव्वा तास उभ्याने काढून भायखळा गाठावयाचे, मूल शिकून होईतो तेथेच थांबावयाचे आणि परत यावयाचे, हे किती महिने चालेल? बापाची नोकरी, धाकट्या भावंडाची शाळा, सासूचे आजारपण, ह्यांपैकी एक निमित्त पुरते आणि मूल घरी बसते. विद्या आहे, पण ती घरापासून पन्नास किलोमीटरांवर आहे. ती उंबरठ्यापर्यंत आणावयाची, तर गावोगावी शिकलेली माणसे हवीत. ती माणसे प्रशिक्षित स्वयंसेवकांवाचून मिळणार नाहीत.

हे प्रशिक्षण म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. अंधबधिर व्यक्तीजवळ जाताना अकस्मात तिला धरू नये. खांद्यावर वा हाताच्या पाठीवर हलकेच स्पर्श करून आपण आल्याची वर्दी द्यावी, आणि प्रत्येक भेटीत तीच खूण देऊन, मग ती हातातील कडे असो की मनगटावरचे घड्याळ, आपण कोण हे सांगावे. निघताना निघतो म्हणून सांगावे. न सांगता उठून गेलेल्या माणसाशी ती बिचारी बोलतच राहते. रस्त्याने नेताना तिला ओढू नये, तिने आपले कोपर धरावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे असावे. तळहातावर बोटाने अक्षरे लिहावीत, एका जागी एक अक्षर, चुकल्यास तळहात पुसून पुन्हा. आपल्या देवनागरीस त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ज्याला ब्रेल येते त्याच्याशी ब्रेलने, जो खुणांची भाषा जाणतो त्याच्याशी त्याचे हात आपल्या हातांवर ठेवू देऊन बोलावे. लहान मुलास जेवणापूर्वी त्याची वाटी हाती द्यावी, बाहेर जाण्यापूर्वी पिशवीचा बंद हाती द्यावा. चार महिन्यांनी वाटी म्हणजे जेवण हे त्याला कळते, आणि दिवसाला क्रम आला की त्याचा त्रागा कमी होतो. काही करून दाखविताना त्याच्या हातावर आपला हात दाबू नये. आपला हात खाली असावा आणि त्याचा वर, म्हणजे सोडावेसे वाटल्यास त्याला सोडता येते. ह्या शेवटच्या नियमात साऱ्या शास्त्राचे मर्म आहे. मदत करावयाची, ताबा घ्यावयाचा नाही. खोलीत कोण आहे, काय चालले आहे, खिडकीबाहेर पाऊस आहे की ऊन, हे सारे सांगावयाचे आणि निर्णय मात्र त्याचा त्यालाच घेऊ द्यावयाचा.

ह्या गोष्टी एका रविवारी ऐकता येतात. हातात मुरण्यास काही महिने लागतात. म्हणूनच उत्साही परंतु अशिक्षित सेवकापासून आम्हांस भय वाटते. आपल्याकडे सेवेस सणावाराची सवय आहे. उत्सवाच्या दिवशी फळे वाटली, छायाचित्र निघाले, की पुण्य पदरी पडले. डोळस माणसाचा एक मित्र तीन रविवार येऊन चौथ्या रविवारी आला नाही, तर त्याचे दहा मित्र उरतात. अंधबधिर माणसाच्या हाताची भाषा जाणणारा एकच मनुष्य असतो. तो नाहीसा झाला की त्याचे जगच पुन्हा मिटते, आणि का मिटले हे त्याला कोणी सांगतही नाही. तेव्हा जो येईल त्याने निदान वर्षभर आठवड्यास दोन तास देण्याचे वचन देऊन यावे. तेवढे जमणार नसेल, तर न येणे हाच सज्जनपणा. शिवाय हा सेवक दुसऱ्याचे पत्र वाचणार, बँकेत त्याच्या वतीने बोलणार, दवाखान्यात त्याच्याशेजारी बसणार. गुप्तता आणि मर्यादा ह्यांचे धडे, आणि नेमणुकीपूर्वी सेवकाची नीट चौकशी, ही प्रशिक्षणाची गौण अंगे नव्हेत. स्पर्श हीच जेथे भाषा आहे, तेथे त्या भाषेचा दुरुपयोग होऊ न देण्याची दक्षता प्रथम घेतली पाहिजे.

काही वाचक म्हणतील, हे काम सरकारचे आहे. अर्धे म्हणणे बरोबर आहे. २०१६ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमान्वये कुटुंबीयांस, समाजातील लोकांस व काळजीवाहकांस असे प्रशिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा असा राज्याचा दंडकही आहे. स्वयंसेवक मिळतात म्हणून पगारी, पदविकाधारक शिक्षक नेमण्यास टाळाटाळ झाली, तर आम्हीच प्रथम आक्षेप घेऊ. शिक्षकाची जागा स्वयंसेवक घेऊ शकत नाही. पण उलटही तितकेच खरे आहे. सरकार शिक्षक देईल, अनुदान देईल. संध्याकाळी गप्पा मारावयास शेजारी देणार नाही. अन्य काही म्हणतील, पहाटे गाडी आणि रात्री गाडी, ह्यात आम्हांस सवड कोठली? त्यांस आम्ही त्यांच्याच गावाची आठवण देतो. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीने १९९९ साली सुरू केली आणि महाराष्ट्रभर ती प्रथा पसरली. ती काढणारे लोक गाडीला लोंबकळूनच रोज कामाला जात होते. अंध विद्यार्थ्यांस परीक्षेत लेखनिक लागतो म्हटले की ह्याच वस्तीतील मुलीबाळी आणि गृहिणी पुढे येतात. सवड ही असत नाही. काढली की होते. आणि सेवानिवृत्त शिक्षकांची, बँकेतील व रेल्वेतील निवृत्तांची जी मोठी फौज ह्या तीन गावांत सकाळी बागेतून फेऱ्या मारते, तिच्यापाशी तर वेळेखेरीज दुसरी तक्रार नसते.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. दोन्ही महापालिकांनी आपल्याकडील अंध व बधिर म्हणून नोंदलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या दुसऱ्या इंद्रियाची तपासणी करवावी. पुष्कळ अंधबधिर ह्याच दोन याद्यांत अर्धवट नावाने दडलेले असतील. शाळांतील कर्णबधिर मुलांचे डोळे दरवर्षी तपासले जावेत. जाणत्या संस्थांच्या मार्गदर्शनाखाली ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे शनिवार-रविवारचे प्रशिक्षणवर्ग सुरू व्हावेत, आणि त्यांत अंधबधिर व्यक्तींना शिक्षक म्हणून मानाने व मानधनाने बोलवावे. जागेची अडचण सांगू नये. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आपल्या पूर्वजांनी ज्ञानासाठी ही घरे बांधली. तेथे आठवड्यातून दोन तास तळहातावरील अक्षरे गिरविली गेली, तर त्या घरांची शोभा वाढेलच.

आणि कोणत्याही वर्गाची वाट न पाहता आज रात्रीच करता येईल असे एक काम आहे. आपल्या घरात, शेजारी, वरच्या मजल्यावर, दिसेनासे आणि ऐकेनासे झालेले एखादे माणूस असेल. त्याच्याजवळ जाऊन बसावे, हात हळूच हाती घ्यावा आणि तळहातावर सावकाश, एकेक अक्षर, आपले नाव लिहावे. पहिल्यांदा ते कळणार नाही. पुसून पुन्हा लिहावे.